कोऱ्या टाचांचे बूट

मा-मोलेफी नेहमीप्रमाणे दुपारी, ती नोकरीला होती त्या संस्थेच्या तळघरातील शीतपेढीत उतरली. स्नायू झिजवणाऱ्या रोगाने ग्रासलेल्या मुलांचे रक्त आणि पेशी संशोधनासाठी तेथे टाक्यांत गोठवून ठेवीत. नळ्यांवर नावे नसत, केवळ क्रमांक. दोन क्रमांक मात्र तिला पाठ होते. एक तिच्या मोलेफीचा. तो गेल्या हिवाळ्यात वारला. दुसरा बहिणीच्या सेचाबाचा. तुलनेसाठी निरोगी पेशी हव्या होत्या, त्या बहिणीने आपण होऊन देवविल्या होत्या.

लेकराच्या नावाने आईला हाक मारावी, ही दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लूमफाँटेनच्या त्यांच्या वस्तीतली रीत. लेकरू गेले तरी नाव सुटत नाही.

मागल्या रविवारी चर्चबाहेर मा-सेचाबा हसत म्हणाली होती, "ताई, आमचा सेचाबा म्हणजे बुटांचा काळ गं! पाय आहेत की कानस?" मग चाचरत, "मोलेफीचे बूट... पडूनच असतील ना?"

मोलेफीचे शेवटचे बूट चाकांच्या खुर्चीतच जुने झाले होते. तळ कोरे.

"ने की," ती म्हणाली. बूट दिले, मन मात्र आवळून घेतले. हा रोग आईच्या रक्तातून मुलात उतरतो. एकाच आईच्या पोटच्या दोघी, मग दोष एकीच्याच पदरात का? हा प्रश्न देवापुढे रडून विचारता येतो. तिने तो विचारला नाही, मुरवला.

आज तिने दोघांच्या साऱ्या नळ्यांवर नव्या पट्ट्या डकवल्या. क्रमांकांची अदलाबदल झाली.

"एकदा तरी माझा धडधाकट असू दे," ती पुटपुटली. "तिचा राहू दे लुळा."

पुढे नळ्यांतल्या पेशी काचेच्या बश्यांत काढल्या, उबेच्या पेटीत त्या वाढल्या. मोलेफीच्या क्रमांकाखालच्या बशीत त्या एकमेकींना बिलगल्या, त्यांचे जाड तंतू झाले आणि स्नायूंच्या स्वभावानुसार आपोआप स्फुरू लागले. सूक्ष्मदर्शकावर वाकून ती कित्येक महिन्यांनी हसली.

तोच मागे पावले वाजली. टप... टप... टाच न टेकता चवड्यांवर चालणाऱ्याची. खुर्ची येण्याआधी मोलेफी असाच चाले.

ती वळली. बिनखिडक्यांच्या त्या खोलीत कोणी नव्हते. स्पिरिटच्या वासात निलगिरीच्या मलमाचा वास मिसळला होता. त्याच मलमाने ती मोलेफीच्या पोटऱ्या चोळीत असे.

"मोलेफी...?"

पावले थांबली.

रविवारी प्रार्थना चालू असतानाच बहीण कानाशी लागली. "ताई, सेचाबा सारखा पडतोय गं. आणि उठताना..." तिने तळहात गुडघ्यांवरून मांड्यांवर सरकवत नेले, जणू कोणी स्वतःच्याच अंगावर चढत उठावे.

मोलेफीचा रोग असाच सुरू झाला होता; मा-मोलेफीला पुढचे सांगावे लागले नाही. ती तशीच उठली, संस्थेत गेली, नव्या पट्ट्या सोलल्या, बश्या नष्ट केल्या आणि थंड फरशीवर गुडघे टेकले. "देवा, पाप माझं. पोराला शिक्षा नको."

सायंकाळी ती बहिणीकडे पोहोचली. अंगणात सेचाबा चेंडूमागे अनवाणी उधळला होता.

"बघ, दुपारपासून हुंदडतोय मेला," बहीण म्हणाली. "उगाच तुझ्या जिवाला घोर लावला."

देव दयाळू आहे. पण त्याची दया केल्या कर्माचा माग पुसत नाही.

उंबऱ्याशी मोलेफीचे बूट होते. तिने उचलले. टाचा कोऱ्या करकरीत. चवड्यांपाशी आरपार भोके. आत हात घातला तर ऊब... आणि निलगिरी.

"आत्ताच काढले का यानं?"

"छे गं! एकदाही घातले नाहीत. घट्ट होतात त्याला. नेतेस का परत?"

बूट छातीशी धरून ती निघाली. वळणावर कानी आले: टप... टप...

तिने चाल मंद केली, पूर्वी त्याच्यासाठी करी तशी. पावले मात्र तिच्यामागे येत नव्हती. ती पावले बहिणीच्या अंगणाकडे चालली होती. सेचाबाचे खिदळणे मध्येच थांबले.

ओरडून बहिणीला सावध करायला तिने तोंड उघडले. पण त्या भयातही मनात पहिला विचार उमटला तो हाच: माझा मुलगाही अखेर तिच्याकडेच.

तिचा आवाज फुटला नाही.