यसाबाईची पाठ

थोरल्या नातवाचं लग्न झालं ते साल २०४३. मांडव उतरला आणि आठव्या दिवशी यसाबाईच्या अंगावरून वारं गेलं. वाचा गेली, ओळख गेली, बाई खाटेला खिळली. तिचा नवरा दौलू सातपुते यानं पन्नास वर्षं कोल्हापुरी पायताणं बांधलेली. बायकोची पाठ त्यानं दुसऱ्या कुणाच्या हाती दिली नाही. कातडं खरवडल्याशिवाय तेल पीत नाही, हे त्याच्या हाताला ठाऊक. म्हणून रोज साबण, खरबरीत फडकं, कोरडं पुसणं, मग जोर लावून करंजाचं तेल.

दोन महिन्यांत पाठ लालभडक झाली. यसाबाईला साखरेचा जुना आजार. कातडी फाटली तर जखम भरायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं.

मग आरोग्यकेंद्रातली नर्स शबाना नवं यंत्र घेऊन आली. वाटीएवढं, नाव त्वचादर्शी. तिनं ते पाठीला टेकवलं आणि भिंतीवर यसाबाईच्या कातडीचं आतलं अंग उमटलं, खोलीएवढं मोठं.

"मामा, हा वरचा थर मेलेल्या पेशींचा."

"मेलेल्या? जित्या बाईच्या अंगावर?"

"तुमच्या-माझ्याही. विटांसारख्या रचलेल्या, मधे चरबीचं सिमेंट. त्यानं अंगातलं पाणी अंगात राहतं. खाली नव्या पेशी जन्मतात, महिनाभर वर चढतात, पोचेपर्यंत मरतात."

त्याखालचं चिवट धाग्यांचं विणकाम दौलूनं लगेच ओळखलं. त्याचंच तर पायताण बनायचं! वरचा थर कातडं कमावतानाच चुन्याच्या हौदात गळून जायचा. तो त्यानं जन्मात पाहिला नव्हता.

"वरच्या थरात या फटी कशानं पडल्या गं?"

शबानानं खुंटीवरच्या फडक्याकडं पाहिलं. "बायको आहे ती मामा, पायताण नव्हे. घासून घासून सिमेंट काढलंत."

तिनं मलमाची डबी उघडली. "यात तीनच गोष्टी. पाणी धरणारं ग्लिसरीन, फटी बुजवणारी चरबी, वर झाकण घालणारी जेली. अंग ओलसर असतानाच लावायचं."

"ओल्या कातड्यातच तेल मुरतं, हे मी पोरांना शिकवलं," दौलू पुटपुटला. "पण ओलीनं पाठ कुजंल म्हणून भ्यालो."

त्यानं ओल्या फडक्यानं पाठ टिपली, बोटावर मलम घेतलं आणि सावकाश फिरवलं. भिंतीवर एक बारीक धागा उजळला.

"हे काय?"

"नस. मायेच्या, सावकाश स्पर्शाला जागणाऱ्या नसा वेगळ्या असतात. जोरानं घासलं की त्या गप्प."

त्यानं बोट उचललं. धागा विझला. पुन्हा टेकवलं, आणि उजेडाची रेघ खोल धावत गेली. आयुष्यभर मेलेलं कातडं हाताळलेला तो माणूस बोट न उचलता भिंतीकडं वळला.

"म्हंजी हिला कळतंय?"

"इथवर कळलं. पुढं डोक्यात पोचलं का, ते यंत्राला दिसत नाही."

"मग कुणाला दिसतं, पोरी?"

शबानानं यंत्र पाठीवरून उचललं, भिंत कोरी झाली. दौलूचं बोट मात्र थांबलं नव्हतं. त्या दिवसापासून ते रोज तासभर फिरत राहिलं.

यसाबाई त्याच वर्षी दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वारली. पाठीवर एकही जखम नव्हती.