अर्धा किलो काळं चॉकलेट

दार उघडं दिसलं म्हणून तो सरळ आत शिरला. तो म्हणजे वासराएवढा, झुपकेदार शेपटीचा कुत्रा. खाली गाडीत केकचे डबे ठेवून मी परत येते तर हा पठ्ठ्या ओट्यावर पुढचे पाय टेकवून उभा, आणि काळ्या चॉकलेटची अर्ध्या किलोची लादी फस्त!

मागोमाग धापा टाकत मालक आला. वरच्या मजल्यावरचा, चष्म्यांचं दुकान चालवणारा. जिन्यात रोज हसायचा, बोलायचा मात्र नाही.

"सॉरी हं... साखळी सुटली हातातून. चॉकलेट नवं आणून देतो."

"चॉकलेट गेलं खड्ड्यात! कुत्र्यांना विष असतं ते."

"अहो, चाळीस किलोचा गडी आहे. पचवेल."

"हे काळं आहे, जास्तच विषारी, आणि तेही अर्धा किलो! चला आधी—"

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना मी वाटेतूनच फोन केला. पोचताच त्यांनी चॉकलेटचा कागद वाचला, इंजेक्शन देऊन त्याला उलटी करवली.

"लगेच आणलंत, बरं केलंत. मोठा आहे म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण ओट्यापर्यंत पोचून अख्खी लादी गिळतात ती ही मोठीच कुत्री. हृदयाचे ठोके अजून फार जलद आहेत. संध्याकाळपर्यंत इथेच राहू दे."

आम्ही बाकावर बसलो. त्याने साखळी बाजूला ठेवली.

"एक सांगू? साखळी सुटली नव्हती... मी सोडली. तुमच्याशी बोलायला निमित्त हवं होतं. महिनाभर शोधत होतो. आणि त्यापायी याचा जीव—"

मला राग आला. खराखुरा. मी उठून खिडकीपाशी गेले, आणि बराच वेळ तिथेच उभी राहिले.

सहाच्या सुमारास दार उघडलं. "ठोके जागेवर आले. न्या घरी," डॉक्टरीणबाई हसल्या. कुत्र्याने धावत येऊन मालकाला आडवंच केलं. जमिनीवरच, कुत्र्याच्या मानेत तोंड खुपसून तो रडत होता, हसतही होता. माझाच श्वास इतका वेळ अडकला होता, हे मला तेव्हा कळलं. राग कुठल्या कुठे गेला.

"माझ्या दाराला बेल आहे," मी म्हणाले.

त्याने मान वर केली. "वाजवली असती तर... उघडलं असतं?"

"वाजवून तर बघायची! महिनाभर मी तरी कुणाची वाट बघत होते?"