बेंबीवरचं माप

बकरीनं टेप खाल्ली नसती, तर नर्स फरहाना तनवीर टेलरच्या दुकानाची पायरी चढलीच नसती. मारेगावच्या शाळेत यवतमाळच्या दवाखान्याचं तीन दिवसांचं आरोग्य तपासणी शिबिर लागलं होतं. पहिल्याच सकाळी ती यादी लिहिण्यात गुंतली, आणि तेवढ्यात एका बकरीनं तिच्या टेपचे सुरुवातीचे वीस सेंटिमीटर मटकावले. शून्यच पोटात गेल्यावर माणसं मोजायची कुठून?

"मास्टर, टेप मिळन का? दुपारी वापस देते."

शिलाई मशीनवरून एक मान वर झाली. वय तिशीच्या आसपास, कानावर खडू, डोळे हसरे. "टेलरले टेप मांगता, मॅडम? काहून, तुमची कुठं गेली?"

"बकरीनं खाल्ली."

"मंग बकरीचं माप घेतलं का?"

फरहानाला हसायचं नव्हतं, पण हसू काही थांबलं नाही. तनवीरनं गळ्यातली टेप काढून तिच्या हातावर ठेवली. टेप अजून उबदार होती... तिनं घाईघाईनं नजर वळवली, ती कोपऱ्यातल्या पँटींच्या ढिगावर पडली. त्यात नवी एकही नव्हती.

"ह्या कायच्या?"

"कंबर सैल करायच्या. नवीन कोन शिवते आता? कापसाले भाव नाही. जुन्याच उसवून राह्यलो."

फरहानाचं पाऊल अडलं. दिवस एवढे वाईट, माणसांचे हातपाय काडीसारखे, मग पोटं कशी वाढतात? जिल्ह्याच्या दवाखान्यात शिकलेलं सगळं तिला पाठ होतं. पण ते असं ढीग होऊन समोर पडलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

शिबिरात तांड्याचे गुलाबसिंग नाईक छाती काढून उभे राहिले. "मोजू नको, पोरी. चौतीस इंच. मास्टरनं लिहून ठेवली हाये."

टेप बेंबीवरून फिरली, तर चाळीस भरली! पुढच्या चार जणांचंही तेच. दुपारी फरहाना टेप परत द्यायला नव्हे, भांडायलाच गेली.

"तुमी लोकायच्या कंबरा खोट्या लिहिता!"

"खोट्या कायच्या? पँट पोटाखाली बसते, तिथंच मोजतो. वरतं ज्याचं त्यानं पाहावं."

"मले तेच वरतंचं पाह्यजे." ती समोरच्या स्टुलावर बसली. "कंबर वाढली, बीपी वाढलं, रक्तात साखर वाढली, रक्तातली वाईट चरबी वाढली, चांगली कमी झाली. ह्या पाचातल्या तीन गोष्टी बिघडल्या, का हार्ट अटॅकचा धोका वाढते. हातपाय बारीक असले तरी."

"अन् दुखत नाही?"

"काहीच नाही."

तनवीरचा पाय मशीनच्या पायट्यावर तसाच थांबला.

दुसऱ्या दिवशी टेप मागायचं निमित्त आयतंच होतं. आज मात्र तिला वेगळंच कोडं पडलं होतं. "पँटीचे एवढे नामी मास्टर, अन् तुमी सैल पायजमा घालता! काहून?"

"हवा लागते."

"खरं सांगा."

तो हसला, पण डोळे हसले नाहीत. त्यानं भिंतीवरच्या खिळ्याकडे बोट केलं. तिथं एक तपकिरी पँट टांगलेली होती.

"अब्बाची हाये. चार वर्षांत चार खेप उसवली. चौथ्या खेपेले मी हसलो... म्हटलं, अब्बा, आता आतमधी कापड नाही उरलं. महिनाभरात हार्ट अटॅकनं गेले. अठ्ठेचाळीसचे होते." त्यानं कानावरचा खडू काढला, पुन्हा ठेवला. "मीच सैल करत गेलो, मॅडम. एकदा तरी विचारलं असतं, का वाढून काहून राह्यली?"

आता तिला पायजम्याचा अर्थ लागला. स्वतःची पँट अंगात चढत नाही, हे त्याला पाहायचंच नव्हतं. दोन दिवसांत हा माणूस आपल्याला इतका आवडला? आणि तो तपासायला आलाच नाही तर?

"तेव्हा तुमाले मालूम नव्हतं," ती म्हणाली. "आता हाये. उद्या उपाशीपोटी या. तोवर टेप माह्यापाशीच ठेवते. दुपारी शिबिर उठते."

तिसरा दिवस. दहा वाजले, अकरा वाजले. फरहाना दर माणसागणिक दाराकडे पाहत होती. बारा वाजता टेबलं उचलायला सुरुवात झाली, आणि दारात तनवीर! अंगात पँट, वर बाहेर सोडलेला शर्ट.

"सकाळपासून दुकानात उपाशी बसलोतो," तो म्हणाला. "हिंमत होत नव्हती."

टेपचं टोक बेंबीवर ज्याचं त्यानंच धरायचं, असा तिचा नियम. तनवीरनं ते दोनदा बेंबीखालीच धरलं. शेवटी ते तिनंच धरलं. त्यानं श्वास रोखला.

"श्वास सोडा. चोरी नाही चालत."

सत्त्याण्णव सेंटिमीटर. पुरुषाची हद्द नव्वद. बीपी वर, बोटातल्या थेंबाची साखरही वर.

"तीन?" त्यानं विचारलं.

"तीन." तिनं आकडे यादीत लिहिले. "वेळेवर समजलं. डॉक्टरले दाखवा, रोज चाला, तंबाखूचा खर्रा बंद, चहातली साखर बंद. अन् दर महिन्याले माप."

"पण मोजन कोन? बेंबीवर मले जमत नाही. सवयीनं हात खालीच जाते." त्यानं टेप तिच्याकडे सरकवली. "ही तुमच्यापाशीच राहू द्या."

"टेपबिगर दुकान कसं चालन?"

"नाही चालणार. म्हनून तं यवतमाळले यावं लागन..." तो थांबला. शर्टाची कड मुठीत धरून म्हणाला, "खरं सांगू? ह्या पँटीचं हूक लागत नाही, पट्ट्यानं बांधली हाये. ज्या दिवशी हूक लागन, त्या दिवशी अम्मीले घेऊन तुमच्या घरी येतो. चालन का?"

शाळेच्या अंगणात जीपचा हॉर्न वाजला. फरहानानं टेपची नीट गुंडाळी केली आणि पर्समध्ये ठेवली.

"नाही चालणार," ती म्हणाली.

तनवीरचा चेहरा उतरला.

"हूक लागायची वाट नका पाहू. ह्या जुम्म्याले या, अम्मीले घेऊन. हूक काय... मी लावते नं मंग."