मांडवाखालची डोकेदुखी

द्राक्षाच्या मांडवाखाली मान वर करून काम करणाऱ्या माणसाला पुढचं दिसत नाही, मागचं तर नाहीच. येडगावच्या त्या बागेत रुपाली घडातले मणी कातरत मागं मागं सरकत गेली, ती थेट सुनीलच्या छातीवर आदळली.

"घड वर हायेत राव, खाली मी हाये," तो म्हणाला.

"मग बाजूला व्हा की... टॅक्टर सोडून इकडं काय?"

"फवारणीआधी ओळी बघत व्हतो."

ओळी राहिल्या बाजूला. सुनील डिंगोरे गावचा, बागेवरचा ट्रॅक्टर चालवायचा. रुपाली आंबेगावच्या डोंगरातली. भात झोडून झालं की लंकाबाईच्या टोळीबरोबर विरळणीला, घडातले दाट मणी काढायला, खाली उतरायची. टोळीतल्या बाया उंच, ही ठेंगणी. दिवस चढला की मानेपासून कपाळापर्यंत कुणी दावं आवळावं तसं व्हायचं. मग ती ओढणी डोक्याला घट्ट बांधायची, एक गोळी गिळायची, अन् पुन्हा कात्री. भोवती बाया गात असायच्या —

मांडव गं उंच, माझा हात पुरंना
वर बघता बघता, दिस काही सरंना

तिचा हात मंदावत चालला. लंकाबाईनं एकदाचं सांगून टाकलं, "परवा जीप वर जाणार हाय. डोकं थांबलं न्हाई तर तू बी बस तिच्यात. दुखणाईत पोर मी कुठवर सांभाळू?"

घरी जायचं म्हणजे बाग सुटली. बागेबरोबर ट्रॅक्टरचा आवाजही सुटला — हे दुसरं रुपालीनं कुणाला सांगितलं नाही.

दुपारी सुनील आलाच. "रोज गोळी खाती व्हय? रोजच्या गोळीनं बी डोकं धरतं म्हणं. अन् ही बाटली सकाळपासनं भरलेलीच."

"तहान नाय."

"खोटं."

तिनं नजर घडाकडं वळवली. "पाणी पिऊन जायचं कुठं? चारी बाजूंनी बांध उघडा... अन् तुमचा टॅक्टर सारखा फिरतोय."

सुनीलच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

दुसऱ्या दिवशी बांधाच्या कोपऱ्यात जुन्या शेडनेटचा आडोसा उभा होता. ट्रॅक्टर दिवसभर पलीकडच्या प्लॉटात घुमत राहिला. रुपालीच्या ओळीत एक क्रेट पालथं ठेवलेलं. ती वर चढली, तसा घड डोळ्यांसमोर आला, मान सरळ झाली. त्या दिवशी सगळ्याच बाया भरपूर पाणी प्यायल्या.

ऊन कलताना सुनील ओळीत शिरला. ती क्रेटवर, तो जमिनीवर. डोळ्यांना डोळे सरळ भिडले.

"आता कसं हाय?"

"निम्मं गेलं. कानशिलं ठणकत्यात अजून."

"ठणकतीलच. दात किती आवळून धरती! मी आलो की जास्तच. एवढा राग येतो माझा?"

"राग?..."

"सांग तरी. सकाळी जीप हाय."

तिनं कात्रीची पाती उगाच उघडली, मिटली. "हसू येतं," ती पुटपुटली.

"काय?"

"तुमी ओळीत आला की हसू येतं मला. लंकाबाई बघती... मग दात दाबून धरते. दिवसभर."

"मग... सोड की," सुनील म्हणाला.

अन् ती हसली. इतके दिवस कोंडलेलं ते हसू असं सुटलं की क्रेट डगमगलं. त्यानं धरलं — क्रेटला, तिला नाही. बागेतल्या कात्र्या थांबल्या.

पलीकडच्या ओळीतून लंकाबाईचा आवाज आला, "ओ टॅक्टरवाले भाऊ! हसवायचंच असंल तर वर आमच्या डोंगरात या, तिच्या बापाला इचारा. तवर ही जीपमधी बसत न्हाई, माझ्या टोळीतच ऱ्हाईल. अन् तुमी काय बघताय गं? चालवा कात्र्या!"

"येतो," सुनील म्हणाला, क्रेट न सोडता.