बिगुल संपेपर्यंत

पाचचा बिगुल वाजायला आणि डोरीनच्या हातातली कागदी पिशवी फाटायला एकच गाठ पडली.

सकाळपासून पावसाची भुरभुर होती, पिशवी तळातून पार भिजली होती. सूप, मटार, पीच... सगळे डबे गडगडत रस्त्यावर! पण वाकणार कोण? जर्मनीतल्या त्या अमेरिकन छावणीत पाचला झेंडा उतरायचा आणि बिगुल संपेपर्यंत मोटारीसुद्धा जागच्या जागी थांबायच्या. डोरीन तर सार्जंटची लेक. छातीवर हात ठेवून ती ताठ उभी राहिली, आणि पीचचा डबा उतारावरून खुशाल फिरायला निघाला.

तो थेट एका तरुण शिपायाच्या पायाशी गेला. सलामीचा त्याचा हात हलला नाही, नजर झेंड्यावरून ढळली नाही. फक्त एक बूट अलगद पुढे सरकला — आणि डबा थांबला. डोरीनला हसू आवरता आवरेना.

बिगुल थांबताच त्याने बाकीचे डबे गोळा करून दिले. पीचचा मात्र काखेत.

“हा अटकेत आहे. झेंडा उतरताना हालचाल केली याने.”

“आणि तुमचा बूट हलला त्याचं काय?”

“तो तुम्हाला दिसला? म्हणजे तुमची नजर झेंड्यावर नव्हती, मिस...?”

“व्हिटेकर.” ती कानापर्यंत लाल झाली. “सार्जंट व्हिटेकरांची मुलगी.”

“मेलो!” तो हसला. “कॉर्पोरल एमेट लार्किन. कैद्याला सोडवायचं असेल तर शनिवारी कॉफीला यावं लागेल.”

ती गेली. डबा काही सुटला नाही. त्या शनिवारी नाही आणि त्यानंतरच्याही नाही. गावात अजून बॉम्बने पडलेल्या भिंती होत्या, त्यांच्या आडोशाला एक म्हातारी चेस्टनट भाजायची. गरम पुडी दोघांनी मिळून धरायची, म्हणजे बोटं आपोआप भेटायची!

एकदा एमेट तिच्या घरी जेवायला आला आणि कोऱ्या भिंतींकडे बघतच राहिला.

“एकही चित्र नाही?”

“चित्र लावलं की बदलीचा हुकूम येतो,” डोरीन म्हणाली. “जपान, टेक्सास, इथे... मी कुठेच खिळा ठोकत नाही. मैत्रिणींचा निरोपसुद्धा घेत नाही. सामान बांधायचं आणि निघायचं.”

ती हसत म्हणाली खरी, पण एमेटने हातातला घास ताटात परत ठेवला.

आणि चित्र न लावताही वसंतात हुकूम आलाच. व्हिटेकरांची बदली — कॅन्सास. घरात लाकडी खोकी आली. नदीकाठी एमेटने विचारलं, “थांबशील... माझ्यासाठी? लग्न करू.”

डोरीनचा जीव ‘हो’ म्हणत होता. ओठांवर मात्र जुनी सवय बसली होती. “मला... खोकी भरायची आहेत,” ती म्हणाली आणि पळाली. घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडली.

निघायच्या दिवशी मोटार छावणीच्या फाटकापाशी पोहोचली आणि पाचचा बिगुल वाजला. सगळे खाली उतरले. डॅडींचा हात सलामीत गेला. पलीकडे, ध्वजस्तंभाखाली, पावसात... एमेट! सलामीत उभा, आणि कोटाचा खिसा डब्याने फुगलेला.

बिगुल संपला की मोटार सुटणार. मग समुद्र, मग कॅन्सास, मग पुन्हा कोऱ्या भिंती. नाही! डोरीनने आयुष्यात जे कधी केलं नव्हतं ते केलं. बिगुल चालू असताना ती हलली. सरळ रस्ता ओलांडून गेली, एमेटच्या शेजारी उभी राहिली आणि छातीवर हात ठेवला. डॅडींचे डोळे खोबणीतून बाहेर यायचे बाकी होते. पण बिचारे सलामीत अडकलेले!

“हो,” ती कुजबुजली. “थांबते. खूप प्रेम आहे माझं तुझ्यावर. आता हलू नकोस... नुसतं ऐक.”

एमेट हलला नाही. गालावरून ओघळलं ते पावसाचं पाणी होतं की आणखी काही, कोण जाणे.

बिगुल थांबला.

“पोरी, हललीस तू!” डॅडी गरजले.

“हो, डॅडी.”

“आणि तू रे, कॉर्पोरल? हललास?”

“नाही, सार्जंट!”

डॅडींनी दोघांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “मग आता हल की, गाढवा!”

एमेटने तिला उचललं, अगदी पायाखालची जमीन सुटेपर्यंत. थांबलेल्या मोटारींनी भोंग्यांचा कल्ला केला. डोरीन मागे वळली तर मम्मीने तिची सुटकेस आधीच खाली काढून ठेवली होती.

“लग्न होईपर्यंत शेजारच्या मिसेस ओडेलकडे राहा,” मम्मी डोळे पुसत म्हणाली. “कालच सांगून ठेवलंय तिला. आईला काय कळत नाही?”

मग डोरीनने तिला मिठी मारली, डॅडींनाही मिठी मारली, आणि पहिल्यांदाच पोटभर रडून निरोप घेतला.

मोटार दिसेनाशी झाल्यावर एमेटने खिशातून पीचचा डबा काढला. “कैदी सुटला. आता घर बघू. भिंतीवर चित्र लावशील?”

“लावीन,” डोरीन म्हणाली. “आणि खिळा मीच ठोकणार!”