आमच्या घरी ये

दार नुसतं लोटून ठेवू नका रे, कडी घाला. आणि मधेच कुणी फिदीफिदी हसलं, तर मी गोष्ट तिथंच सोडून झोपायला जाईन.

गाडी शिकवणारे आपले मास्तर तुम्हाला माहीत आहेत. माझी साठी उलटल्यावर मला गाडी शिकवायला बसले, म्हणजे माणूस काळजाचा केवढा घट्ट असेल बघा. ही त्यांच्यावर गुदरलेली गोष्ट. मागच्या नोव्हेंबरातला दुसरा शनिवार.

सकाळी मास्तर चाकांत हवा भरून आणायला निघाले, तर त्यांची पोरं मागच्या सीटवर आधीच ठाण मांडून बसलेली. नऊ वर्षांची ताई आणि पाच वर्षांचा ढब्बू.

“आज फिरायला नेणार म्हणाला होतात,” ताईनं ठणकावलं.

वहिनी जेवणाचे डबे घेऊन आल्या, मास्तरांच्या शेजारी बसल्या आणि पायाशी बघून म्हणाल्या, “अहो, हा चुकून माझ्याकडून दाबला गेला तर?” शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटपाशीही एक ब्रेक असतो ना. शिकणारा गडबडला की मास्तर तो दाबतात.

“दाब की,” मास्तर म्हणाले, “तसाही घरातला ब्रेक तुझ्याच पायाखाली आहे.”

दिवस मजेत गेला. संग्रहालयात पेंढा भरलेलं अस्वल होतं. ढब्बू त्याच्या पंजाला बोट लावून धूम पळाला. तलावात पायानं चालवायच्या होड्या होत्या. वळताना मास्तरांनी सवयीनं हात बाहेर काढून इशारा केला, तेव्हा हसून हसून पोरांच्या पोटात दुखायला लागलं. उन्हं कलली तेव्हा राहिला होता तो फक्त डोंगरावरचा कठडा. तिथं उभं राहून ओरडायचं, समोरचा कडा तेच परत ओरडतो.

बाकीची माणसं निघून गेली होती. फुगेवाला सायकलला पिशव्या बांधत होता. ताई ओरडली, “एऽऽ!” कडा म्हणाला, “एऽऽ!” मास्तर ओरडले, “क्लच सोडाऽऽ!” कड्यानं तेही सोडलं नाही. मग ढब्बूला कठड्याशी उचलून धरलं. त्यानं छाती फुगवली आणि जीव खाऊन ओरडला,

“आमच्या घरी येऽऽ!”

सगळे थांबले.

कडा काहीच बोलला नाही.

ढब्बू पुन्हा ओरडला. काही नाही. ताईनं हाक मारली, मास्तरांनी टाळी वाजवली. काही नाही. “घसा बसला वाटतं त्याचा,” मास्तर म्हणाले. वहिनी हसल्या नाहीत. ढब्बूच्या डोक्याला टोपी घालत म्हणाल्या, “चला, निघूया.”

वाटेत चहाला थांबले, पोरांनी पेंगत पेंगत जेवण केलं. झाडीतल्या रस्त्याला लागले तेव्हा रात्रीचे साडेआठ झाले असतील. पुढे-मागे एक दिवा नाही. गाडीच्या उजेडात जेवढा दिसेल तेवढाच रस्ता.

“आमच्या घरी ये,” मागून ढब्बू म्हणाला.

“आता पुरे, बाळा,” मास्तर म्हणाले.

“मी कुठं बोललो? ताई चिडवतेय!”

“मी नाही हं! खोटारडा!”

“गप्प बसा बघू दोघं,” वहिनी कावल्या.

आणि मागून वहिनींच्याच आवाजात आलं, “गप्प बसा बघू दोघं.”

आवाज सीटच्या मागून आला होता. काचेपलीकडून. गाडी पळतेय... आणि आवाज बरोबर पळतोय.

मास्तरांनी आरशात पाहिलं. ताईनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. ढब्बू तिच्या कुशीत शिरला होता. वहिनींनी ओठांवर बोट ठेवलं. कुणी बोलायचं नाही. एक शब्द नाही.

कुणी बोललं नाही.

झाडं मागे जात होती. नुसतं इंजिन ऐकू येत होतं. बऱ्याच वेळानं मास्तरांनी रोखलेला श्वास सोडला.

“आई, गाडी थांबव ना. शू आली.”

ढब्बूचा आवाज. रडवेला. वहिनींचा जीव तो... पाय आपसूक ब्रेकवर गेला. गाडी मंदावली. मागून ताईनं आईचा खांदा गच्च पकडला. वहिनी वळल्या.

ढब्बू गाढ झोपला होता. तोंड मिटलेलं.

“आई... थांबव ना...”

वहिनींचा पाय निघेना. पोराचा आवाज होता तो. गाडी रांगत होती. मास्तर बोलू शकत नव्हते. त्यांनी वहिनींचा गुडघा धरून हलवला.

मागच्या दाराचं हँडल...

खट्.

बाहेरून.

दार आतून बंद होतं. पुन्हा... खट्.

“थांबवतो हं,” मास्तरांच्या आवाजात कुणीतरी म्हणालं.

मास्तरांनी वहिनींचा पाय हातानं ओढून काढला आणि गाडी पिटाळली.

युक्ती सुचली ती ताईला. तिनं ढब्बूला हलवून जागं केलं. त्याच्या कानाशी तोंड नेऊन नुसत्या श्वासानं काहीतरी सांगितलं. ढब्बूनं डोळे चोळले. मागच्या काचेकडे बघितलं. खालचा ओठ थरथरला त्याचा. पण बोलला.

“आमच्या घरी येऊ नको.”

सगळ्यांनी कान टवकारले.

काही आलं नाही...

काहीच नाही.

घरी पोचेपर्यंत कुणी हूं की चूं केलं नाही. घर होतं तसं होतं. कुलूप उघडलं, दिवे लावले. वहिनी हळूच म्हणाल्या, “आलो बाई.” आवाज परत आला नाही. तेव्हा कुठं त्यांना रडू फुटलं. रात्री चौघं एकाच गादीवर झोपले. पोरं आता ठीक आहेत. ढब्बू शाळेत जातो, बडबड तर विचारूच नका.

गाडीत मात्र कुणी बसत नाही. शिकवणीला मास्तरांनी दुसरी घेतली. ही विकली का नाही, म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, “कुणाच्या गळ्यात बांधू?” आणि मला घरामागे घेऊन गेले. ताडपत्री काढली.

दुपारची वेळ होती. काचा कोरड्या ठणठणीत. फक्त मागच्या काचेवर वाफेचा एक गोल. वाटीएवढा. कुणीतरी अगदी जवळून श्वास सोडावा तसा.

आतून.

मास्तरांनी दार उघडलं, रुमालानं काच पुसली, दार लावलं. आम्ही दोघं बघत उभे राहिलो.

काच स्वच्छ होती...

मग हळूहळू, मधोमध, पुन्हा धुरकट व्हायला लागली.