संपलेल्या शकातली तारीख

हे खरं घडलेलं आहे. हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं. ओतोसेचं घर आमच्या घराला लागूनच होतं, आणि त्या संध्याकाळी मी तिथे होतो.

जपानातला एचिझेन प्रांत, कामितानी गाव. तेनशो शकाचं पहिलं वर्ष संपत आलेलं. दाराच्या निम्म्यापर्यंत बर्फ.

ओतोसेचा नवरा जिनरोकु आमच्या धन्याच्या फौजेत साधा भालाईत होता. आठव्या महिन्यात फौज पळत सुटली आणि खिंडीत शत्रूने त्याला कापला. देवळातले भिक्षू रयोकाई, ज्यांना आम्ही ओशो म्हणतो, त्यांनी त्याच्या नावाची आणि मृत्यूच्या तारखेची लाकडी पाटी घरात पूजायला लिहून दिली.

गेन्की चार, आठवा महिना, चौदावा दिवस.

दहाव्या महिन्यात हुकूम आला. गेन्की शक म्हणे सातव्या महिन्यातच संपला होता. राजधानीत तेनशो सुरू झाला, आणि आम्हा डोंगरातल्या लोकांना पत्ताच नाही.

म्हणजे जिनरोकु ज्या तारखेला मेला, ती तारीख कधी उजाडलीच नव्हती...

हा नवा शक आणला आमचं खोरं जाळणाऱ्या त्याच शत्रूने. जुना शक ज्या घरात सापडेल ते घर जाळणार, अशी दवंडी फिरली. ओतोसेच्या जिवावर आलं होतं. पण घरात सहा वर्षांची लेक ओकिनु होती. ओतोसेने चाकूने पाटी खरवडली, ओशोंनी वर तेनशो लिहिलं.

तेव्हापासून सुरू झालं.

दिवेलागणीला दाराशी आवाज यायचा. धप्... धप्... गवती बूट आपटून बर्फ झटकायची जिनरोकुची जुनी सवय.

दार उघडलं की कुणी नाही.

बर्फावर एक ठसा नाही.

पाटीपुढे ठेवलेला वाफाळता भात बघता बघता गोठायचा.

एके दिवशी जेवताना ओकिनुने तिसरी वाटी मांडली. ती कुणाला, असं ओतोसेने विचारलं.

“बाबांना. ते म्हणतात, मी मेलोच नाही.”

ओतोसेने हातातली वाटी खाली ठेवली.

“आणखी काय म्हणतात?”

“तुझ्यावर चिडलेत. ज्याने मारलं त्याच्याच शकात तू त्यांना घातलंस, म्हणतात. आता मला घेऊन जाणार आहेत.”

ओतोसे पाटी घेऊन देवळात धावली. तिला वाचता येत नव्हतं. पण खाली ओल्या शाईची नवी ओळ उमटली होती, एवढं तिला दिसलं होतं.

ओशोंनी पाटी दिव्याजवळ नेऊन वाचली.

“ओकिनु,” ते म्हणाले. “गेन्की चार, बारावा महिना, शेवटचा दिवस.”

तो दिवस उद्याच होता.

“घाबरू नकोस पोरी. गेन्की संपला. तो दिवस येणारच नाही.”

“आठवा महिनाही आला नव्हता, ओशो,” ओतोसे म्हणाली. “तरी माझा माणूस मेला.”

पुन्हा जुनाच शक लिहा, असं ती पाया पडून सांगत राहिली. घर जळलं तर जळू दे, म्हणाली. शेवटी त्यांनी कुंचला उचलला.

शाई लाकडावर टेकेचना...

शेवटच्या दिवशी तिने पोरीला स्वतःच्या कमरपट्ट्याने पाठीला बांधलं. तीन गाठी मारल्या. आम्ही तिच्या घरात चुलीपाशी नव्या वर्षाच्या मोचीसाठी, म्हणजे भाताच्या चिकट गोळ्यांसाठी, भात कुटायला बसलो. तिला सोबत म्हणून, दुसरं काय करणार होतो?

संध्याकाळ झाली. आम्ही मोगऱ्या खाली ठेवल्या.

धप्...

आमच्यापैकी कुणाचाही हात हलला नव्हता.

धप्...

दार आपोआप सरकलं. आत गार वारा शिरला आणि चूल विझली. ओतोसे किंचाळली नाही. ती फक्त म्हणाली, “पाठ हलकी झाली.”

आम्ही उजेड आणला. तिन्ही गाठी तशाच होत्या. पट्टा अजून कोमट होता.

पट्ट्यात कुणी नव्हतं.

ओशोंनी ओकिनुच्या नावाची पाटी केली, पण तारीख लिहायची त्यांची हिंमत झाली नाही. ओतोसे ती पाटी मांडीवर घेऊन दारात बसते. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारते, सध्या कोणता शक चालू आहे?

आम्ही सांगतो, तेनशो.

“मग गेन्कीतला तो दिवस आलाच नाही, माझी पोर अजून गेलेली नाही,” ती म्हणते, आणि सरकून शेजारी एका लहान पोरीपुरती जागा करते.

तिथे बसायला आजवर आमच्यापैकी कुणी धजावलेलं नाही.